गोल कसा मोजावा आणि त्या मोजमापातून काय काय काढावे

अवकाशातील एका ठरावीक बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा समूह म्हणजे गोल, ही व्याख्या दहावीच्या महत्त्वमापनाच्या प्रकरणापर्यंत पोहोचलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. तिच्यातली खरी खुबी मात्र बहुधा लक्षात येत नाही. मध्यबिंदू कोठे आहे हे बाजूला ठेवले, तर त्या व्याख्येत एकच राशी उरते, ती म्हणजे त्रिज्या. इष्टिकाचितीला लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन मापे द्यावी लागतात, वृत्तचिती आणि शंकू यांना दोन; गोल मात्र एका मापात संपूर्ण ठरतो. म्हणून परीघ, पृष्ठफळ, घनफळ किंवा पदार्थ माहीत असल्यास वजन, यांपैकी कोणतीही एक गोष्ट हाती आली की उरलेल्या सर्व काढता येतात, आणि द्राक्षबागेपासून नकाशापर्यंत गोलाचा जो उपयोग होतो, त्यातला बराचसा या एका गुणावर उभा आहे. हा गुण स्वतःच्या हातांनी पडताळून पाहता यावा, इतपत कृती पुढे दिल्या आहेत. त्यांना कंपासपेटी, न ताणणारी दोरी, एक वजनकाटा आणि थोडी चिकाटी यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

एक भेद आधीच स्पष्ट करून ठेवावा. गणितात गोलाचा पृष्ठभाग आणि त्याने वेढलेला भरीव भाग या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. रंग किती लागेल, साल किती निघेल, उष्णता किती बाहेर जाईल, हे पृष्ठफळाचे प्रश्न होत; वजन किती भरेल, रस किती निघेल, हे घनफळाचे. उदाहरण सोडवताना होणाऱ्या चुकांपैकी कितीतरी चुका आकडेमोडीच्या नसतात, तर प्रश्न यांपैकी कोणता आहे हे न ओळखल्याच्या असतात.

दोरी, गुण्ये आणि भास्कराचार्यांची रीत

सरावासाठी क्रिकेटचा चेंडू सर्वांत सोयीचा, कारण त्याचे माप खेळाच्या नियमांनीच बांधलेले आहे. पुरुषांच्या सामन्यांतील नव्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेंमी आणि वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असावे लागते. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सरावाला येणाऱ्या कोणाही मुलाकडे असा चेंडू मिळेल. प्रथम परीघ घ्यावा. दोरी चेंडूभोवती गुंडाळून ती थोडी वर, थोडी खाली सरकवून पाहावी. ज्या जागी दोरी सर्वांत जास्त लागते, तेथे ती गोलाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या प्रतलावर असते. पृष्ठभागावर काढता येणाऱ्या या सर्वांत मोठ्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात, आणि पुढे पृथ्वीच्या बाबतीत त्याचे काम पुन्हा पडणार आहे. चेंडूच्या शिवणीवरून दोरी घेतल्यास माप किंचित फुगते, म्हणून शिवणीला आडवी दोरी घेऊन दुसरे माप घ्यावे.

त्यानंतर व्यास. मोजपट्टी टेबलावर ठेवावी, चेंडू तिला टेकवावा आणि कंपासपेटीतील दोन गुण्ये पट्टीवर उभे धरून दोन्ही बाजूंनी चेंडूला अलगद भिडवावेत. गुण्यांच्या काटकोनी कडा पट्टीला जेथे टेकतात, त्या दोन खुणांतील अंतर म्हणजे व्यास. गुण्या तिरपा झाला तर सगळे श्रम वाया जातात. तेवढी एक काळजी पुरेशी आहे.

आता हिशेबाकडे. पाठ्यपुस्तकात पृष्ठफळ म्हणजे ४ × पाय (π) × त्रिज्येचा वर्ग, आणि घनफळ म्हणजे चार-तृतीयांश × पाय × त्रिज्येचा घन, अशी सूत्रे दिलेली असतात. ती बरोबर आहेत. पण हातात परीघ आणि व्यास अशी दोन्ही मापे असताना भास्कराचार्यांची रीत अधिक सरळ पडते. ११५० साली रचलेल्या लीलावतीत ते सांगतात की, परीघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते. त्याची चौपट केली की गोलाचे पृष्ठफळ मिळते, जे चेंडूभोवतीच्या जाळ्याप्रमाणे, ‘कन्दुकस्येव जालम्’, सर्व बाजूंनी वेढलेले असते. आणि त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की गोलाच्या आतले घनफळ येते. चतुर्थांश आणि चौपट एकमेकांना छेदतात, म्हणून पृष्ठफळ म्हणजे नुसता परीघ गुणिले व्यास. पाय या संख्येचे नावही घ्यावे लागत नाही, कारण ती मोजलेल्या परीघातच बसलेली असते.

समजा परीघ २२.६ सेंमी आणि व्यास ७.२ सेंमी भरला. त्यांचा गुणाकार १६२.७, म्हणजे चेंडूचे कातडे सुमारे १६३ चौरस सेंमी. त्याला ७.२ ने गुणून ६ ने भागले की घनफळ सुमारे १९५ घन सेंमी येते. चेंडूचे वजन १६० ग्रॅम भरले, तर प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ०.८२ ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. अर्थात चेंडू पाण्यात तरंगला पाहिजे. बादलीत टाकून पाहावा, तो तरंगतो. (चेंडू उसना आणलेला असेल तर ही शेवटची पायरी विचारून करावी.)

सहाने का भागायचे, हेही पाहून घेणे उचित आहे. भरीव गोल हा असंख्य बारीक, निमुळत्या सूच्यांचा बनलेला आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक सूचीचे टोक मध्यबिंदूशी आणि तळ पृष्ठभागावर. सूचीचे घनफळ तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून तीनने भागल्यावर मिळते. येथे सर्वांची उंची एकच, ती म्हणजे त्रिज्या. सर्व तळांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ. म्हणून घनफळ म्हणजे पृष्ठफळ × त्रिज्या ÷ ३, किंवा पृष्ठफळ × व्यास ÷ ६. हे आज सोपे वाटते, पण आर्यभटाने दिलेली घनफळाची रीत, म्हणजे वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्याच वर्गमुळाने गुणणे, खऱ्या उत्तरापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने जास्त उत्तर देते. ग्रीसकडे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच दाखवले होते की, गोल ज्या वृत्तचितीत अगदी नेमका बसतो तिच्या घनफळाच्या दोन-तृतीयांश गोलाचे घनफळ असते, आणि झाकण व तळ धरून तिच्या पृष्ठफळाच्याही दोन-तृतीयांश. आपल्याकडच्या परंपरेची खूण पाहायची असेल तर नाशिकहून रेल्वेने मनमाडमार्गे चाळीसगाव गाठावे. जवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे.

मोजमापातली चूक उत्तरात किती वाढते, हे या साऱ्या प्रकरणात सर्वांत उपयोगाचे आहे, आणि ते वर्गात क्वचितच सांगितले जाते. त्रिज्येत एक टक्का चूक झाली, तर पृष्ठफळात दोन टक्के आणि घनफळात तीन टक्के चूक येते. उलट दिशेने गेल्यास हाच नियम आपल्या बाजूने वळतो: घनफळात किंवा वजनात तीन टक्के चूक झाली, तरी त्यावरून काढलेली त्रिज्या फक्त एक टक्क्याने चुकते. म्हणून गोल लहान असेल, तर त्याला पट्टी लावण्यापेक्षा तो तोलावा.

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये, किंवा सायकल दुरुस्तीच्या दुकानात, बेअरिंगचे छर्रे मिळतात. एका छऱ्याचा व्यास पट्टीने मोजणे निरर्थक आहे. एकाच मापाचे शंभर छर्रे मोजून घ्यावेत आणि सराफाच्या काट्यावर तोलावेत. समजा वजन ८८.२ ग्रॅम भरले. एका छऱ्याचे ०.८८२ ग्रॅम, पोलादाची घनता ७.८ धरली की घनफळ ०.११३१ घन सेंमी. त्याला ६ ने गुणून ३.१४१६ ने भागले की ०.२१६ येते, आणि त्याचे घनमूळ ०.६. छर्रा ६ मिलिमीटरचा आहे. मायक्रोमीटर न वापरता इतके नेमके माप मिळते.

ज्या वस्तू गोलाचा केवळ एक तुकडा असतात, त्यांच्यासाठी वेगळी कृती आहे. भांडी बाजारातून आणलेली पितळी कढई घ्यावी. तिचा तळ गोलाकार असेल, तर तो ज्या अदृश्य गोलाचा भाग आहे त्याची त्रिज्या काढता येते. तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून रुंदी मोजावी, मग पट्टीपासून तळाच्या मध्यापर्यंतची खोली घ्यावी. निम्म्या रुंदीचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांच्या बेरजेला खोलीच्या दुपटीने भागले की त्रिज्या मिळते. हे पायथागोरसच्या प्रमेयाचेच फळ आहे. तोंड ३० सेंमी आणि खोली ९ सेंमी असेल तर २२५ अधिक ८१, म्हणजे ३०६. त्याला १८ ने भागले की १७ सेंमी. कढईत किती मावेल हे हवे असेल, तर त्रिज्येच्या तिपटीतून खोली वजा करून ५१ − ९ = ४२ घ्यावे, त्याला खोलीच्या वर्गाने आणि पायने गुणून तीनने भागावे: सुमारे ३,५६० घन सेंमी, म्हणजे साडेतीन लिटरहून थोडे जास्त. लिटरच्या मापाने पाणी ओतून पडताळणी करावी. अकरावीच्या प्रयोगशाळेत स्फेरोमीटरने भिंगाची वक्रता त्रिज्या काढतात, तेव्हा वापरले जाणारे सूत्र नेमके हेच असते. केवळ खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. वस्तू सर्व दिशांनी सारख्याच रुंदीची भरली, म्हणजे ती गोल असलीच पाहिजे असे नाही. कोणत्याही दिशेने मोजले तरी तीच रुंदी देणारे, परंतु गोल नसलेले भरीव आकार गणितज्ञांना माहीत आहेत. कारखान्यात वस्तूच्या गोलपणाची खात्री करायची असल्यास नुसता व्यास मोजून भागत नाही, वस्तू फिरवून तिचा पृष्ठभागही तपासावा लागतो, त्याचे कारण हे आहे.

द्राक्षाचा मणी, फवाऱ्याचा थेंब आणि टोमॅटोचा क्रेट

त्रिज्येचा घन किती झपाट्याने वाढतो, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला सूत्र न शिकताही कळलेले असते. मण्याची फुगवण १६ मिलिमीटरवर थांबली की १८ मिलिमीटरपर्यंत गेली, यात डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. व्यासात तो अवघा साडेबारा टक्क्यांचा आहे. परंतु १.१२५ चा घन १.४२ येतो. म्हणजे मणी गोल धरला, तर दोन मिलिमीटरच्या वाढीने त्याचे वजन सुमारे ४२ टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी साल केवळ २७ टक्क्यांनी वाढते, कारण ती वर्गाच्या प्रमाणात चालते. कॅलिपर घेऊन बागेत फिरणारा माणूस दिसतो मिलिमीटर मोजताना, पण त्याचा डोळा टनांवर असतो. थॉमसन या द्राक्षजातीसारख्या लांबट मण्यांसाठी रीत किंचित बदलावी: जाडीचा वर्ग गुणिले लांबी, त्याला पायने गुणून सहाने भागावे. जाडी आणि लांबी समान झाली की हेच सूत्र गोलाचे होते.

पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर तीन भागिले त्रिज्या इतके असते. हे गुणोत्तर विज्ञानात पदोपदी भेटते, आणि माझ्या मते गोलाविषयी एकच सूत्र लक्षात ठेवायचे झाले, तर ते हे ठेवावे. गोल जितका लहान, तितका त्याच्या वाट्याला पृष्ठभाग अधिक. फवारणीच्या ब्लोअरमधून निघालेला एक थेंब निम्म्या व्यासाच्या थेंबांत फुटला, तर एकाचे आठ होतात आणि तेवढ्याच औषधाचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. व्यास एक-दशांश झाला तर एकाचे हजार थेंब होतात आणि पृष्ठभाग दसपट. म्हणूनच बारीक फवारा पानांवर चांगला पसरतो. पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे: थेंबाचे वजन घनाच्या प्रमाणात घटते, हवेचा विरोध मात्र तितक्या झपाट्याने कमी होत नाही, आणि बाष्पीभवन तर पृष्ठभागावरूनच होते, त्यामुळे अतिबारीक थेंब पानावर बसण्याआधी वाळतात किंवा वाऱ्याबरोबर शेजारच्या बागेत जातात. नोझल निवडणे म्हणजे या दोहोंमधली त्रिज्या निवडणे होय.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट रचलेले असतात. एका क्रेटमध्ये किती नग असतील, याचा अंदाज न मोजता बांधता येतो. कितीही दाबून रचले तरी एकाच मापाचे गोल जागेचा ७४.०५ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू शकत नाहीत, असे केपलरने १६११ मध्ये म्हटले होते. फळवाला मोसंबीचा मनोरा रचतो तीच ती रचना. हे विधान दिसायला सरळ असले, तरी त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये दिली आणि तिची संगणकावरची काटेकोर पडताळणी पुरी व्हायला २०१४ साल उजाडले. क्रेटमध्ये मात्र फळे रचलेली नसतात, ओतलेली असतात. सैल ओतलेल्या गोलांसाठी साठ टक्के धरावेत. क्रेट आतून ५० × ३० × २५ सेंमी असेल, तर त्याची जागा ३७,५०० घन सेंमी. तिचे साठ टक्के २२,५००. सहा सेंमी व्यासाच्या टोमॅटोचे घनफळ ११३ घन सेंमी. भागाकार केला की सुमारे दोनशे नग येतात. फळे चपटी किंवा लहानमोठी असतील तर आकडा हलतो, पण अंदाज फार चुकत नाही.

निसर्ग गोलाकडे का वळतो

दिलेल्या घनफळाला सर्वांत कमी पृष्ठभागात गुंडाळणारा आकार म्हणजे गोल. एक लिटर पाण्यासाठी घनाकृती पेटी केली, तर तिचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंमी होते; गोल केला तर ४८४. ही गोष्ट प्राचीनांना जाणवली होती, परंतु अवकाशातील आकारांसाठी तिची काटेकोर सिद्धता श्वार्झ यांनी १८८४ मध्ये दिली. द्रवाच्या पृष्ठभागावर पृष्ठताण असतो, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून जितका लहान होता येईल तितका होऊ पाहतो. म्हणून लहान थेंब, पारा आणि साबणाचे फुगे गोल होतात. फुगा लहान असेल तर त्याच्या आतला दाब जास्त असतो. एका नळीच्या दोन टोकांना एक मोठा आणि एक लहान साबणाचा फुगा जोडला, तर लहान फुगा स्वतः रिकामा होऊन मोठ्याला फुगवतो. वर्गात करून दाखवण्यासारखा याहून चांगला प्रयोग शोधून सापडणार नाही, कारण पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांचा अंदाज उलटा असतो.

दाब सोसण्यातही गोल सरस ठरतो. तीच त्रिज्या, तीच जाडी आणि तोच आतला दाब असताना गोलाच्या भिंतीवरचा ताण वृत्तचितीच्या भिंतीवरील सर्वाधिक ताणाच्या निम्मा असतो. मोठ्या प्रमाणावर गॅस साठवणाऱ्या टाक्या गोल बांधतात, त्या या कारणाने. घरगुती सिलिंडर वृत्तचितीसारखा असला, तरी त्याची दोन्ही टोके फुगीर ठेवलेली असतात.

आकाशात हेच काम गुरुत्वाकर्षण करते. पिंड पुरेसा मोठा झाला की त्याच्या स्वतःच्या वजनापुढे खडकाचे बळ कमी पडते आणि उंचवटे खचत जातात. मंगळाचा चंद्र फोबॉस सरासरी अवघ्या अकरा किलोमीटर त्रिज्येचा, म्हणून तो ओबडधोबड राहिला. सुमारे ४७० किमी त्रिज्येचा सेरेस हा बटुग्रह गोल झाला. २००६ मध्ये ठरलेल्या ग्रहाच्या व्याख्येत जवळजवळ गोल आकार ही एक अटच आहे. न्यूटनने १६८७ मध्ये सिद्ध केले की, बाहेरच्या वस्तूला गोल पिंडाचे आकर्षण असे जाणवते, जणू त्याचे सारे वस्तुमान मध्यबिंदूशी एकवटलेले आहे. हे प्रमेय नसते तर ग्रहगतीचे गणित कागदावर मांडणेच दुरापास्त झाले असते.

माणसानेही काटेकोरपणाची गरज पडली तेव्हा गोलच निवडला. २०१९ मध्ये किलोग्रॅमची व्याख्या बदलली, तिच्या तयारीत सिलिकॉनच्या एक किलो वजनाच्या, सुमारे ९३.७ मिलिमीटर व्यासाच्या चकाकत्या गोलांचा मोठा वाटा होता. त्यांतील अणूंची संख्या काढण्यासाठी घनफळ अतिशय नेमके हवे होते, आणि गोलाला कडा किंवा कोपरे नसल्याने ते टवके उडून बिघडण्याचा धोका कमी, शिवाय व्यास अनेक दिशांनी मोजला की घनफळ हाती येते.

कधीकधी गोल केवळ कल्पनेत काढावा लागतो. दिव्यापासून निघालेला प्रकाश सर्व दिशांना पसरतो. दुप्पट अंतरावर तो चौपट पृष्ठफळाच्या काल्पनिक गोलावर वाटला जातो, म्हणून त्याची तीव्रता एक-चतुर्थांश उरते. पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाबाहेर, सूर्यासमोर धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर १,३६१ वॅट पडतात. सूर्याभोवती १४.९६ कोटी किमी त्रिज्येचा गोल कल्पून त्याच्या पृष्ठफळाने या आकड्याला गुणले, की सूर्याची एकूण शक्ती मिळते: ३८३ वर चोवीस शून्ये, इतके वॅट. पृथ्वी हा प्रकाश अडवते ती वर्तुळाकार थाळीइतक्या क्षेत्राने, पण तो वाटला जातो तिच्या संपूर्ण पृष्ठभागावर, जो त्या वर्तुळाच्या चौपट आहे. म्हणून दिवस-रात्र आणि सर्व प्रदेश धरून सरासरी १,३६१ च्या चौथ्या भागाची, सुमारे ३४० वॅटची, येते. हवामानाच्या हिशेबातला हा चारचा भागाकार म्हणजे भास्कराचार्यांची तीच चौपट.

पृथ्वीच्या गोलावर

पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवीय ६,३५७ किमी. फरक २१ किमीचा, म्हणजे हजारात तीनचा. बहुतेक कामांना ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरून भागते. त्याचा परीघ सुमारे ४०,०३० किमी, आणि ३६० ने भागले की अक्षांशाच्या एका अंशाला १११ किमी. रेखांशाच्या अंशाला मात्र अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणावे लागते, कारण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात. नाशिक २० अंश उत्तरेला आहे. तेथे रेखांशाचा एक अंश १०४ किमीच्या थोडा वर भरतो.

जवळच्या दोन गावांतील सरळ अंतर यावरून लगेच निघते. नाशिक आणि मुंबई यांच्या अक्षांशांत ०.९२ अंशाचा फरक, म्हणजे १०२ किमी; रेखांशांत ०.९१ अंशाचा, म्हणजे सुमारे ९५ किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की १४० किमी. रस्त्याने अंतर अर्थातच अधिक पडते. दूरच्या ठिकाणांसाठी ही सपाट रीत चालत नाही. पृथ्वीगोल घेऊन नाशिक आणि न्यूयॉर्क यांच्यावरून दोरी घट्ट ताणावी. ती पश्चिमेला सरळ न जाता उत्तरेकडे झेप घेते, ६६ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आर्क्टिक वृत्तापर्यंत जाते आणि मग खाली वळते. बृहद्वृत्ताचा हा मार्ग सुमारे साडेबारा हजार किमीचा असून तोच सर्वांत लहान आहे. सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो, कारण गोलाचा कोणताही भाग अंतरे न बदलता सपाट करता येत नाही. हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले.

मोसंबीवर हीच गोष्ट हाताला जाणवते. देठापासून खाली दोन रेषा अशा काढाव्यात की त्यांत काटकोन होईल, आणि मध्यावरच्या आडव्या वर्तुळाने त्या छेदाव्यात. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत, बेरीज २७० अंश. १८० पेक्षा जितके अंश जास्त, त्यांना ७२० ने भागले की त्रिकोणाने गोलाचा कितवा भाग व्यापला ते कळते: ९० भागिले ७२०, म्हणजे एक-अष्टमांश. साल सोलून मोजले तरी तेच दिसते.

शेवटची कृती पृथ्वी मोजण्याची, आणि तिच्यासाठी नाशिकची जागा विशेष सोयीची आहे, कारण पुणे जवळजवळ त्याच रेखावृत्तावर, सुमारे १६५ किमी दक्षिणेला आहे. २० मेच्या आसपास नाशिकमध्ये सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नाशिक ७३.८ अंशांवर, म्हणून आणि मे महिन्यातली काही मिनिटांची दुरुस्ती धरून, हे घड्याळात साडेबाराच्या सुमारास घडते; बाराला पाहून निराश होऊ नये. त्याच क्षणी पुण्यातल्या मित्राने दोन मीटर उंचीच्या, ओळंब्याने उभ्या केलेल्या खांबाची सावली मोजावी. ती दक्षिणेला सुमारे ५.२ सेंमी पडेल. ५.२ भागिले २०० गुणिले ५७.३ (एका रेडियनचे अंश) केले की १.४९ अंश येतात, आणि पृथ्वीच्या मध्याशी नाशिक व पुणे यांच्यातला कोनही तोच. १६५ किमीला ३६० ने गुणून १.४९ ने भागावे: सुमारे ३९,९०० किमी.

आकडा सुंदर येतो, पण त्यावर भाळू नये. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्याने दोन मीटर खांबाच्या टोकाची सावली जवळजवळ दोन सेंमी पुसट असते. त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरावा. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला, तरी उत्तर दहा टक्क्यांनी सरकते. मोबाइलवरच्या नकाशातून घेतलेले सरळ अंतरही पृथ्वीचा आकार आधीच गृहीत धरून काढलेले असते, आणि रस्त्याचे अंतर तर येथे चालतच नाही. चूक कमी करायची असेल तर पुण्याऐवजी कोल्हापूरचा मित्र शोधावा. कोन सव्वातीन अंशांच्या वर जातो आणि सावलीतला तोच अर्धा सेंटिमीटर निम्म्याहून कमी नुकसान करतो. वर्षातून दुसरी संधी २३ जुलैच्या आसपास येते खरी, पण त्या दिवसांत नाशिकवर ढग असतात, म्हणून खांब मे महिन्यातच उभा करावा.